पाचटाच्या करारावर सही करण्यापूर्वी
(शेतकी विभागाकडून)



पाचट जाळू नका, सरीत कुजवा, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. आता त्याच पाचटावर 'कार्बन क्रेडिट'चे पैसे देतो म्हणून काही मंडळी छापील करारपत्रे घेऊन फिरत आहेत. सभासद विचारतात, साहेब, हवेचे पैसे मिळतात काय? मिळतात. पण कुणाला, ते समजून घ्यावे.

हवामान बिघडले हे खोटे नाही. अवकाळी पाऊस आपण भोगतोच. पण त्या काळजीवर धंदाही उभा राहिला. १९९७ साली जपानमध्ये क्योटो येथे करार झाला, तो २००५ पासून अमलात आला. श्रीमंत देशांनी आपल्या धुराला मर्यादा घालून घेतली. मात्र भारत-चीनसारख्या देशांत कुणी धूर कमी केला तर त्याचा दाखला विकत घेऊन स्वतःच्या खात्यात धरायची सोयही ठेवली. एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला की एक क्रेडिट.

यात मोठी कमाई कुणाची झाली? झाडे लावणाऱ्यांची नव्हे. एसीत लागणारा एक गॅस बनवणाऱ्या कारखान्यांची! तो बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट उष्णता वाढवणारा धरला होता. म्हणजे एक टन वायू जाळला की ११,७०० क्रेडिट. खर्च क्रेडिटमागे एक युरोहून कमी, भाव दहा युरोच्या वर. साखरेपेक्षा मळीच महाग झाली म्हणा ना! क्रेडिटसाठी हा वायू मुद्दाम जास्त काढतात, असा आरोप झाला आणि २०१३ पासून युरोपने ही क्रेडिटे बंद केली. तोवर चीन सरकारने त्यावर ६५ टक्के कर घेतला होता आणि युरोपातल्या सरकारांना कागदावर धूर कमी दाखवता आला होता. पुढे २०१६ साली आपल्या सरकारने कारखानदारांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करायला सांगितले. म्हणजे ते आधीही जमण्यासारखे होते.

बगॅसवर वीज करणाऱ्या काही साखर कारखान्यांनाही क्रेडिट मिळाले. पण २००८ मध्ये वीस युरोच्या वर गेलेला भाव २०१२ अखेर एक युरोखाली आला.

आता आपले बघा. एकरी तीन-चार टन पाचट निघते, त्याचे क्रेडिट मात्र वर्षाला एकरी एखादेच बसते, कधी तेवढेही नाही. त्यातून मोजणीचा, तपासणीचा आणि मधल्या माणसाचा खर्च वजा. म्हणून करार किती वर्षांचा, भाव पडला तर काय, खर्च आधी कापणार की वाटा आधी देणार, हे लेखी घ्यावे. शेजारच्या फडाची आग येऊन पाचट जळाले तर भरपाई कुणी द्यायची, हे कलम तर हमखास वाचावे. बहुधा ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. क्रेडिट आले नाही तरी कुजलेले पाचट आपल्याच रानात राहते, ओल धरते. त्यासाठी कुणाच्या सहीची गरज नाही.

सात-बारा, आधार देण्यापूर्वी करारपत्र गट ऑफिसात आणून दाखवावे. सोमवार ते शनिवार, सकाळी दहापासून आम्ही आहोत.