कचऱ्याच्या पेटीपाशी पोहोचलेले विद्यापीठ

विद्यापीठाचे काम अध्यापन आणि संशोधन एवढ्यावर संपत नाही, भोवतालच्या समाजाशी नाते जोडणे हेही त्याचे कर्तव्य आहे, ही भूमिका विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये अधिकृतपणे स्वीकारली आणि या तिसऱ्या कर्तव्याला ‘विस्तारकार्य’ म्हटले जाऊ लागले. व्यवहारात मात्र ते बहुतेक ठिकाणी शिबिरे, जनजागृतीच्या फेऱ्या, व्याख्याने आणि त्यांच्या छायाचित्रांसह केलेल्या नोंदी एवढ्यापुरते आक्रसत गेले. कार्यक्रम पार पडतो, पाहुण्यांचे आभार मानले जातात, अहवाल वर जातो, आणि कुंपणापलीकडची वस्ती होती तशीच राहते. पुण्यात कर्वे रस्त्यावर आवार असलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढ शिक्षण आणि विस्तारकार्य विभागाने १९९०च्या सुमारास हाती घेतलेले काम या सरधोपट वाटेने गेले नाही, आणि म्हणूनच आजही शहराच्या गल्लीबोळांत त्याच्या खुणा प्रत्यक्ष पाहायला मिळतात.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या या विद्यापीठाच्या त्या विभागाने सुरुवात अगदी साधी केली होती. कचरा वेचणाऱ्या मुलांना लिहिता-वाचता यावे, एवढाच हेतू होता. पण मुले वर्गात टिकायची तर त्यांचा दिवस कसा जातो हे पाहणे भाग होते, आणि ते पाहण्यासाठी शिक्षक मुलांच्या मागोमाग कचऱ्याच्या पेट्यांपर्यंत गेले. तेथे त्यांच्या आया भेटल्या. यांतील बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील होत्या, आणि १९७२च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली कुटुंबेही त्यांत होती. मुले शाळेत जावीत असे त्यांनाही वाटत होते, परंतु पेटीतील घाणीत हात घालून दिवसभरात जे हाती लागते त्यात घर चालत नाही, म्हणून मुलांचे हातही लागतात, हे वास्तव त्यांनी समोर ठेवले. येथे विभागाने जो निर्णय घेतला त्याचे महत्त्व कितीही सांगितले तरी कमीच आहे: साक्षरतेचा ठरलेला अभ्यासक्रम पुढे रेटण्याऐवजी, सुका कचरा पेटीत पडण्याआधीच घराच्या दारात वेगळा मिळावा यासाठी शिक्षकांनी रहिवाशांशी बोलणी सुरू केली.

या बदलाचा अर्थ कळण्यासाठी वर्गीकरणाचे काम जवळून पाहावे लागते. कर्वे रस्त्यामागच्या एखाद्या गल्लीत सकाळी ढकलगाडी लावून बसलेली, पन्नाशी ओलांडलेली एखादी कचरावेचक पिशवीची गाठ सोडते तेव्हा तिच्या बोटांना घाई नसते. गाठ ओढून फाडली तर आतली काच किंवा पाते हाताला लागते, म्हणून ती आधी पिशवी बाहेरून चाचपते, वजन तोलते आणि मगच गाठ उकलते. ओला कचरा एका बादलीत जातो. सुक्यामध्ये वर्तमानपत्रांची रद्दी, पांढरा कागद आणि पुठ्ठा यांचे ढीग निराळे, कारण भंगारच्या दुकानात त्यांचे भाव निराळे. बाटली आणि तिचे झाकण हेही वेगळे, कारण दोन्हींचे प्लास्टिक एक नसते. एखादा तुकडा कोणत्या जातीचा हे डोळ्यांनी ठरत नाही तेव्हा ती तो कानाजवळ नेऊन चुरगाळते, आणि येणाऱ्या आवाजावरून त्याची पोत्यातली जागा ठरते. चकचकीत वेष्टने मात्र ती आवाजही न ऐकता बाजूला सारते. अनेक थर एकमेकांना चिकटवून बनवलेल्या त्या कागदासारख्या प्लास्टिकला भंगारच्या बाजारात किंमत नाही.

या सगळ्यात पाहणाऱ्याचा पाठलाग करतो तो दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा आंबूस वास. न धुता फेकलेल्या पिशवीत उरलेले दूध दुपारपर्यंत नासते, वास कपड्यांत शिरतो आणि आंघोळीनंतरही बोटांतून पुरता जात नाही. पण हीच पिशवी विकली जाते. इतरांना तोंड फिरवायला लावणारा तो वास म्हणजे त्या स्त्रीच्या दिवसाच्या कमाईचा एक भाग असतो, आणि म्हणून ती पिशवी नाकापासून दूर न धरता शांतपणे उलटी करते, झटकते आणि ढिगावर ठेवते. पिशवी धुऊन देण्यास घरातल्या माणसाला मूठभर पाणी आणि निमिषभर वेळ लागतो. ज्या शहरात एवढेही होत नाही त्या शहराला स्वच्छतेवर व्याख्याने देण्यापेक्षा या ढिगाशेजारी बसवणे अधिक उपयोगाचे ठरेल.

दारातून वेगळा कचरा मिळू लागताच त्याची किंमत इतरांच्याही लक्षात आली. एका खासगी व्यावसायिकाने त्याच भागात वाहन फिरवून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा स्त्रियांनी ते वाहन अडवले. त्या संघर्षातून हे स्पष्ट झाले की मूठभर स्त्रियांना मिळालेली सोय संघटनेवाचून टिकणार नाही. मे १९९३ मध्ये पुण्यात भरलेल्या कचरावेचकांच्या परिषदेला आठशेहून अधिक जण आले, हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांनी तिचे नेतृत्व केले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कामगार संघटना उभी राहिली. विद्यापीठातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या तिच्या उभारणीत अग्रभागी होत्या. पुढे १९९६ मध्ये संघटनेच्या ओळखपत्रांना पुणे महानगरपालिकेने मान्यता दिली. ज्या स्त्रीकडे पहारेकरी आणि पोलीस चोरीच्या संशयाने पाहत, तिच्या गळ्यात महानगरपालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र आले, ही घटना कोणत्याही पदवीदान समारंभाइतकीच गंभीरपणे नोंदवली जायला हवी.

विद्यापीठाचे खास असे योगदान त्यानंतर समोर आले, आणि ते एका आकड्याच्या रूपात आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात कचरावेचक, भंगार व्यापारी आणि पुनर्वापराचे उद्योग यांची पुण्यातील साखळी तपासण्यात आली. कचरावेचक जो माल उचलतात तो त्यांनी उचलला नसता तर महानगरपालिकेला वाहून न्यावा लागला असता आणि त्यावर खर्च करावा लागला असता. तो वाचलेला खर्च मोजल्यावर असे दिसले की प्रत्येक कचरावेचक दरमहा २४६ रुपयांचे श्रम महानगरपालिकेला फुकट देते. २४६ रुपये ही रक्कम मोठी नाही. पण ज्यांना शहर आपल्यावरील भार समजत होते त्या प्रत्यक्षात शहराला दरमहा देणगी देत आहेत, हे त्या रकमेने अधिकाऱ्यांना समजेल अशा भाषेत, म्हणजे जमाखर्चाच्या भाषेत सांगितले. कष्टकरी पंचायतीने हाच आकडा पुढे ठेवून मागणी केली, आणि २००२-०३ मध्ये महानगरपालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा भार उचलला. मोर्चाने जे दार ठोठावले ते उघडण्याच्या कामी २४६ हा आकडा आला. संशोधन आणि विस्तारकार्य यांची विभागणी किती कृत्रिम आहे, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

केंद्र सरकारच्या २०००च्या नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे बंधनकारक केले, तेव्हा हे काम कोणाला मिळणार हा प्रश्न उभा राहिला. मोठ्या कंत्राटदारांच्या हाती ते गेले असते तर पेटीही गेली असती आणि माल वेचण्याचा हक्कही. पंचायतीने त्यावर काढलेला मार्ग म्हणजे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था. २००८ मध्ये तिचा महानगरपालिकेशी करार झाला आणि पेटीतून वेचणाऱ्या स्त्रिया घरोघरी सेवा देणाऱ्या झाल्या. त्यांचे उत्पन्न दोन ठिकाणांहून येते: रहिवाशांनी दरमहा द्यायचे शुल्क आणि सुक्या मालाची विक्री. हे शुल्क मागायला दारात उभे राहणे हे कामातील सर्वांत अवघड काम आहे, कारण पिशवी दररोज न चुकता बाहेर ठेवणारे घर महिनाअखेरीला सुट्टे पैसे नाहीत म्हणून परत पाठवते. गणेशोत्सवात याच स्त्रिया विसर्जन घाटांवर निर्माल्य वेगळे करतात. दूर्वा आणि झेंडू एकीकडे, थर्माकोल, दोरे आणि प्लास्टिकचे हार दुसरीकडे. भक्ताने श्रद्धेने बांधलेली गाठ तेथेही त्याच बोटांनी सोडवली जाते.

कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे असे २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांमध्ये लिहिले गेले, आणि पुण्यातील प्रयोगाचा दाखला देशभर दिला जातो. तरीही त्या गल्लीतील स्त्रीला वर्गीकरणासाठी छप्पर असलेली जागा मिळवणे सोपे नाही. गृहनिर्माण संस्थांना कचरा रोज उचलला जायला हवा असतो, पण तो निवडण्याचे काम आपल्या आवारात नको असते, आणि मग ती पदपथावर बसते, पावसात पुठ्ठा भिजतो आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव पडतो. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावे ही विनंती वर्षानुवर्षे करूनही चाचपताना हाताला काय लागेल याची तिला खात्री नसते.

२४६ रुपयांचा हिशेब तेव्हा केवळ वाचलेल्या वाहतुकीचा होता. आवाजावरून प्लास्टिक ओळखणाऱ्या कानाचे, काच चुकवणाऱ्या बोटांचे, जखम झालेल्या दिवशी बुडालेल्या कामाचे मोल त्यात धरलेले नव्हते. शहर तेव्हापासून कितीतरी पसरले आहे, कचऱ्याचे स्वरूप पालटले आहे, विकता न येणारी वेष्टने वाढली आहेत आणि ती हाताळण्यात जाणाऱ्या वेळेचे पैसे कोणीच देत नाही. हा हिशेब नव्याने मांडण्याजोगी माणसे पुण्यातल्या विद्यापीठांमध्ये आजही आहेत: अर्थशास्त्राचे विद्यार्थी, समाजकार्याचे विद्यार्थी, पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी. या वेळी मोजणी करणाऱ्यांत कचरावेचक स्त्रियाही असाव्यात, कारण कोणत्या गोष्टी मोजायच्या राहून गेल्या हे त्यांना माहीत आहे, आणि येणारा आकडा शुल्काच्या दरात, विम्याच्या तरतुदीत व वर्गीकरणाच्या जागांच्या आराखड्यात उतरेपर्यंत तो अभ्यास पूर्ण झाला असे विद्यापीठाने मानू नये.