गाडीचा पिकअप गेला? टर्बो बदलण्याआधी हे तपासा

टोमॅटोचे क्रेट भरून पहाटे बाजार समितीकडे निघालेली डिझेल गाडी चढावर दम टाकते, मागे काळा धूर निघतो आणि बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज येतो. गॅरेजमध्ये नेली की पाच मिनिटांत निदान होते: टर्बो गेला. गाडी उभी राहिली तर माल शेतात पडून राहणार, म्हणून आपणही घाईत होकार देतो. मात्र हीच लक्षणे फाटलेल्या पाइपमुळेही दिसतात. शिवाय टर्बो खरोखर गेला असला, तरी तो का गेला हे न शोधता नवा बसवला तर तोही थोड्याच दिवसांत जाऊ शकतो. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरलाही हे सर्व लागू होते.

टर्बो कसा चालतो?

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चाक फिरते. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे चाक एअर फिल्टरमधून हवा ओढून ती दाबाने इंजिनात भरते. हवा जास्त मिळाल्याने डिझेल नीट जळते आणि ओढ वाढते. हा शाफ्ट मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगात त्याला सांभाळतो तो इंजिन ऑइलचा पातळ थर. ऑइल कमी पोचले, घाण पोचले किंवा उशिरा पोचले की बेअरिंग झिजते. टर्बो मुळात ऑइलवर जगतो, आणि आपल्याकडे ऑइल बदलणे मात्र ‘हा हंगाम निघू दे’ म्हणून पुढे ढकलले जाते.

आधी स्वस्त कारणे पाहावीत

सुरुवात धुरापासून करावी. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पण हे ऑइल टर्बोतून येत असेल किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगमधूनही. केवळ धुरावरून टर्बोला दोष देऊ नये.

काळा धूर आणि ओढ कमी असेल तर प्रथम एअर फिल्टर काढून पाहावा. मळणीच्या दिवसांत तो भुसा आणि धुळीने गच्च भरतो. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे रबरी होज पाहावेत. होजवर ऑइलचा ताजा ओला पट्टा दिसला, तर तिथून हवा गळत असण्याची शक्यता मोठी असते. वाकलेल्या जागी होजला आतून चीर पडते. ती इंजिन बंद असताना दिसत नाही, दाब आला की उघडते. अशा वेळी क्लिप घट्ट करून किंवा होज बदलून काम भागते. टर्बोच्या ॲक्च्युएटरला जाणारी बारीक नळीही तपासावी. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीची ही नळी उंदरांनी कुरतडलेली असू शकते.

स्कॅनर लावल्यावर ‘बूस्ट कमी’ असा कोड आला, तर त्याचा अर्थ दाब कमी आहे एवढाच घ्यावा. दाब का कमी आहे, हे स्कॅनर सांगत नाही.

एवढे करून कारण सापडले नाही, तर मेकॅनिकला टर्बोचा हवा घेणारा होज काढायला सांगावे. इंजिन बंद आणि थंड असतानाच हे करावे. चालू टर्बोच्या तोंडाशी बोट नेऊ नये. शाफ्ट बोटाने हलवून पाहावा. आडवी किंचित हालचाल बहुतेक टर्बोंत असतेच. तेवढ्यावरून ‘प्ले आला’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. पण शाफ्ट मागे-पुढे सरकल्याचे जाणवत असेल, पाती घराला घासली असतील, वाकली किंवा तुटली असतील, तर टर्बो गेला आहे. होजमध्ये ऑइलचा हलका ओलावा चालतो. इंटरकूलरच्या पाइपमधून ऑइल ओघळत असेल तर ते चालणार नाही.

अशी गाडी ‘एवढी एक खेप’ म्हणून चालवू नये. तुटलेल्या पात्याचा तुकडा इंजिनात गेला तर खर्च कित्येक पट वाढतो. शिवाय टर्बोतून जाणाऱ्या ऑइलवरच डिझेल इंजिन बेफाम पळू लागते आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही. तसे झाले तर गाडी उभी करून ब्रेक घट्ट दाबावा आणि वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन दबून बंद पडते. या वेळी बॉनेटजवळ कोणीही उभे राहू नये.

खर्च कसा बसवावा?

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसची बिले घेऊन आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावे. नेहमीच्या वाहन विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

दरवेळी पूर्ण नवा टर्बो लागतोच असे नाही. बाहेरचे घर शाबूत असेल तर मधला भाग, म्हणजे कार्ट्रिज, बदलता येतो आणि तो स्वस्त पडतो. रिकंडिशन टर्बो घ्यायचा असेल तर शाफ्ट बॅलन्सिंग केले आहे का आणि वॉरंटी लेखी मिळते का, हे विचारावे. भंगारातून आणलेला टर्बो आमच्या मते टाळावा. तो कोणत्या ऑइलवर चालला हे कोणीच सांगू शकत नाही.

शेती औजारांच्या दुरुस्तीसाठी अनेकांना माहीत नसलेली एक सोय आहे. २०१२ च्या सुधारित किसान क्रेडिट कार्ड योजनेत पीककर्जाची मर्यादा ठरवताना शेतीच्या मालमत्तेच्या दुरुस्ती-देखभालीसाठी २० टक्के रक्कम धरली आहे. म्हणजे पिकासाठी १ लाख धरले असतील तर दुरुस्तीसाठी २० हजार. ट्रॅक्टरचे काम असेल तर खासगी सावकाराकडे जाण्याआधी आपल्या मर्यादेत ही रक्कम धरली आहे का, हे बँकेत विचारावे. विस्तार कार्यकर्त्यांनीही कार्ड नूतनीकरणाच्या वेळी हे आवर्जून सांगावे. ही रक्कम मात्र पीककर्जाबरोबरच, त्याच मुदतीत फेडायची असते.

नवा टर्बो बसवताना

कोटेशन लेखी घ्यावे आणि त्यात टर्बोखेरीज ही कामे असावीत: ऑइल व ऑइल फिल्टर बदलणे, टर्बोला ऑइल देणारी नळी बदलणे किंवा कार्बन काढून साफ करणे, परतीची नळी व इंजिनचा ब्रीदर मोकळा करणे, इंटरकूलर धुणे. परतीची वाट तुंबलेली असेल तर चांगला टर्बोसुद्धा ऑइल गाळतो. पाती धुळीने झिजली असतील तर फिल्टरच्या पेटीचे सीलही बदलावे.

गाडी पहिल्यांदा सुरू करण्याआधी टर्बोत ऑइल भरले जाते की नाही, हे समोर उभे राहून पाहावे. सुरू झाल्यावर काही मिनिटे रेस न करता चालू ठेवावी. जुना टर्बो मागून घ्यावा. पुढे घाट चढून आल्यावर किंवा जड ट्रॉली ओढल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे तसेच चालू ठेवावे.