नळीवरचे नाव



नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागात सिकलसेल तपासणीची शिबिरे होतात. अशा शिबिरांत मंडळीतील भाऊबहिणी नोंदणीच्या टेबलावर बसतात. रक्त घेणे परिचारिकेचे काम, हे खरे. पण अहवाल चुकतो तो बहुधा यंत्रात नव्हे, त्याआधीच.

बोटातून थेंब येत नाही म्हणून बोट पिळले की अंगातले पाणीही रक्तात मिसळते आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी दिसते. शिरेतले रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात रक्त गोठू न देणारे ईडीटीए असते. नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी केली नाही तर गुठळी होते; खळखळ हलवली तर पेशी फुटतात. अशी नळी प्रयोगशाळा परत पाठवते. डोंगर उतरून आलेल्या आईला पुन्हा यावे लागते, तिची मजुरी बुडते. पण निदान खोटा अहवाल तरी हाती पडत नाही.

नाव चुकले की ते कोणालाच कळत नाही. रक्त चांगले, यंत्र चांगले, आणि बरोबर उत्तर भलत्याच घरी जाते! एका पाड्यावर वळवी, पाडवी, वसावे हीच आडनावे, आणि पुष्कळदा नावेही तीच. म्हणून वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, पाडा आणि नोंदणी क्रमांक हवाच. “तू अमुक ना?” असे विचारू नये, बुजलेला माणूस कशालाही मान डोलावतो. त्याचे नाव त्यालाच सांगू द्यावे. चिठ्ठी रक्त घेतल्यावर लगेच, माणूस समोर असतानाच चिकटवावी. आधी चिकटवून ठेवलेल्या नळ्यांच्या रांगेतच अदलाबदल होते.

सिकलसेलची तपासणी बहुधा आयुष्यात एकदाच होते. वाहकाला ‘निरोगी’ असे कळले आणि त्याचे लग्न दुसऱ्या वाहकाशी झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के. आणि आजारी मुलालाच ‘निरोगी’ ठरवले तर हाडे दुखताना घरचे नुसते तेल चोळत बसतात.

नोंदणी करताना आणखी दोन प्रश्न विचारावेत. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले आहे का? चढवले असेल तर दात्याचे रक्त मिसळलेले असते. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे का? असेल तर शिबिरातल्या साध्या चाचणीत दोष लपू शकतो. दोन्ही उत्तरे अर्जावर लिहून तंत्रज्ञांना दाखवावीत.