फेकलेल्या कपच्यांचा हिशेब

३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाला जांभ्या खडीत एक घडवलेला दगड सापडला. भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास तिथून सुरू झाला असे मानतात. पुढे बराच काळ अभ्यासकांचा भर सुबक हत्यारे गोळा करण्यावर राहिला. हातकुऱ्हाड संग्रहालयात गेली, ती घडवताना उडालेल्या कपच्या मात्र दुर्लक्षित राहिल्या.

१९५०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनी नेवाशाला प्रवरेकाठी उत्खनन केले. नदीच्या खालच्या थरांत काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी होत्या, तर वरच्या थरांत चर्ट, जास्परसारख्या बारीक पोताच्या दगडांच्या छोट्या तासण्या. काठावरच्या जुन्या वस्तीच्या पांढरीत ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांच्या कॅल्सेडनीच्या पात्या निघाल्या. त्यांना तांबे ठाऊक होते, पण ते दुर्मीळ होते. कॅल्सेडनी मात्र दख्खनच्या खडकात हवी तेवढी. १९६४मध्ये सांकळियांनी दगडी हत्यारांवर पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकात हत्यारांच्या नावांआधी घडणीचे तंत्र आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तंत्र जिवंत पाहायला मिळाले ते गुजरातमधल्या खंबायतला. तिथला अकीक कारागीर जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडी सळईला दगड टेकवतो आणि वरून शिंगाच्या हातोडीने ठोकतो. त्याआधी दगड भाजून घेतात. त्याने लाली चढते आणि कपची सहज सुटते. केनॉयर, विदाले आणि भान या पुरातत्त्वज्ञांनी या कामाबरोबर त्याचा कचराही अभ्यासला. कुठल्या टप्प्याचा चुरा कुठे साचतो, त्यावरून कामाची वाटणी कळते. हडप्पाकाळी लोखंड नव्हते, तेव्हा तुलना जपूनच करायची. पण हडप्पा संस्कृतीच्या मण्यांच्या कारखान्यांतले ढिगारे वाचायची किल्ली अशी हाती आली.

१९९०च्या दशकाअखेर कर्नाटकात इसामपूरला पुरातत्त्वज्ञ क. पद्दय्यांनी खोदले, तेव्हा चुनखडकाच्या लाद्या, कपच्या काढून उरलेले गाभे, कपच्या आणि ठोकायचे गोटे एकत्र मिळाले. तो आदिमानवाचा कामाचा तळच होता. मद्रासजवळचेच अत्तिरामपक्कम हे स्थळही फूट यांच्याच काळात, १८६३ साली उजेडात आले होते. शांती पप्पू यांच्या चमूने २०१८मध्ये तिथल्या गाभ्यांवरून आणि कपच्यांवरून दाखवले, की सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वीच घडणीची रीत बदलू लागली होती.

म्हणून नदीकाठी घडवलेला दगड दिसला, तर तो आठवण म्हणून घरी नेऊ नका. शेजारच्या कपच्यांसह जागेवरच राहू द्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.