खड्डा कुठं घ्यायचा?

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एकजण कौतुकानं म्हणाली, "ताई, आमची संडासाची टाकी बारा वर्षांत एकदाही भरली नाही." सगळ्यांना तिचा हेवा वाटला. मला मात्र तिच्या अंगणातला बोअर आठवला.

टाकीचा तळ पक्का असेल तर गाळ खाली साचतोच, दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. साचतच नसेल तर तो जमिनीत चाललाय. मानवतची आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि खाली काळा पाषाण. पाषाणाच्या फटींतून घाण गाळली न जाता लांबवर जाते. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड, आणि घरात हगवण, कावीळ.

1854 साली लंडनमध्ये एका सार्वजनिक पंपाचं पाणी पिऊन सहाशेच्या आसपास माणसं पटकीनं गेली. जवळच्या घरातल्या आजारी बाळाचे कपडे धुतलेलं पाणी मैल्याच्या खड्ड्यात ओतलं जाई. खड्ड्याच्या विटा सुटलेल्या, विहीर जेमतेम तीन फुटांवर. धुणारी आईच होती बिचारी, तिला काय ठाऊक!

म्हणून नवीन बांधकाम असेल तर गवंड्याला आधी जागा दाखवा, मग फरशीचा रंग ठरवा. खड्डा पाण्यापासून किमान 10 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. दोन खड्ड्यांचा संडास सोयीचा पडतो. एक भरला की दुसरा सुरू करायचा; पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की त्याचं खत होतं. टाकी असेल तर गाडी बोलवा. माणूस आत उतरवू नका, वायूनं क्षणात जीव जातो. 2013 च्या कायद्यानं तो गुन्हाही आहे.

न्हाणी-मोरीच्या पाण्याचं वेगळं. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेतले, गटारं गेली, डास हटले. पण त्या खड्ड्यात संडासाचं पाणी सोडायचं नाही, ही चूक फार जणी करतात.

बोअरची शंका असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला नमुना घ्यायला सांगा. निकाल येईपर्यंत पाणी उकळून प्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं खड्डा ते बोअर अंतर मोजून आणायचं. टेप नसेल तर सहावारी साडी धरा, दोन साड्या म्हणजे साधारण अकरा मीटर.