मामांची गाडी आणि राहिलेली सही

दर शनिवारी पहाटे मी पुण्याहून ओतूरकडे जाणारी एसटी पकडतो. निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या पिशवीत पासबुक असावे आणि कादंबरीकाराच्या पिशवीत मुद्रिते, अशी लोकांची समजूत असते. माझ्या पिशवीत मात्र एक फाटका सदरा, रिंग पान्यांचा संच, पॉलिश पेपरचे गुंडाळे आणि पत्नीने दिलेला डबा एवढाच ऐवज असतो. शेजाऱ्यांचा समज असा, की गावाकडे कुणीतरी आजारी आहे आणि मी शुश्रूषेला जातो. एका अर्थी ते खरेच आहे.

रुग्ण आहे १९६९ सालची महिंद्रा एफसी-१५०. पिकअप हा शब्द आमच्या खेड्यात पोहोचण्यापूर्वीची ही पिकअप. आज ज्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांना ती आठवत असेल. तिला नाक नव्हते. जीपचे इंजिन पुढच्या लांब नाकात असते, या गाडीचे इंजिन थेट केबिनमध्ये, चालक आणि शेजारचा माणूस यांच्या मधोमध, एका पत्र्याच्या झाकणाखाली. चालक पुढच्या चाकांवर बसल्यासारखा बसे. समोरून तोंड चपटे, म्हणून गावाने तिचे नाव ‘चपटी’ ठेवले. मामींना ते नाव अजिबात पसंत नव्हते. "पाहुण्यांसमोर म्हणता, चपटी दारात उभी आहे. काय समजायचं लोकांनी?" असे त्या म्हणत, आणि मामा मिशीत हसत.

ही गाडी मुळात अमेरिकेतल्या विलिज कंपनीची. ब्रूक्स स्टीव्हन्स या नामांकित रेखाटनकाराने तिचे रूप घडवले. महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली ती मुंबईत माझगावला, १९४० च्या दशकाच्या अखेरीस. पुढे १९६५ च्या सुमारास ही बिननाकाची भावंडेही इथे तयार होऊ लागली. कमी लांबीत जास्त हौदा बसवायचा, हा त्यामागचा साधा विचार. घाटातल्या वळणांना आणि खेड्यातल्या बोळांना तो फार मानवला.

मामांनी ती १९८५ मध्ये जुनीच घेतली, पस्तीस हजारांना. तेरा हजार त्यांच्यापाशी होते. उरलेल्या बावीस हजारांसाठी तालुक्याच्या एका पतसंस्थेत अर्ज केला. पतसंस्थेला दोन जामीनदार हवे होते, त्यांतला एक कायम नोकरीतला. मामा सरळ माझ्याकडे आले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, बँकेत अधिकारी होऊन तीन वर्षे झालेली. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "इथं सही कर."

मी केली नाही. बँकेचे नियम आहेत, अधिकाऱ्याला परस्पर जामीन राहता येत नाही, असे सांगितले. ते खोटे नव्हते. पण वरिष्ठांची परवानगी मागता आली असती, आणि मी ती मागितली नाही, हेही खोटे नव्हते. ज्या मामांच्या घरी माझ्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या गेल्या, त्यांच्या जुन्या गाडीचे मूल्यांकन मी मनातल्या मनात केले होते आणि ते तारण मला अपुरे वाटले होते. मामांनी कागदाची घडी घातली, चहा प्यायला आणि गेले. पुढे गावातल्या शाळेच्या गुरुजींनी सही दिली. मामींच्या पाटल्या काही दिवस कपाटातून दिसेनाशा झाल्या, हे मला बरेच नंतर कळले.

मामांनी मला कधी बोलून दाखवले नाही. बदलला तो मामेभाऊ, आबा. माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. विहिरीत मला पोहायला त्यानेच शिकवले होते. तोवर तो मला ‘तू’ म्हणे. त्यानंतर मी ‘तुम्ही’ झालो. आपल्या भाषेत आदरार्थी बहुवचनाने माणसाला किती दूर उभे करता येते, हे मी तेव्हा शिकलो.

गाडी तेरा वर्षे धावली. कांदा, बटाटा, कोबी घेऊन नारायणगावला, आणि माळशेज उतरून कल्याणला. १९९८ च्या उन्हाळ्यात घाट चढताना रेडिएटर फुटला, पाणी संपले आणि इंजिन जाम झाले. ती ओढून आणली आणि गोठ्यात उभी केली. २००४ मध्ये मामा गेले. गाडीवर आधी कडबा रचला गेला, मग कोंबड्या आल्या.

२०२२ च्या दिवाळीत मी भाऊबीजेसाठी आईला घेऊन गेलो होतो. आबा सहज म्हणाला, "भंगारवाला उद्या येतोय. किलोवर भाव ठरलाय." काय झाले कोण जाणे, मी म्हणालो, "एक वर्ष थांब. आपण ती उभी करू." आबाने माझ्या हातांकडे पाहिले. हे हात नोटा मोजण्याखेरीज कशाला लागले नव्हते. तो म्हणाला, "तुम्ही?"

असे आमचे काम सुरू झाले. गुरे कमी झाल्याने गोठ्याचा अर्धा भाग रिकामा होता. तिथे कोबा केला, दिवा लावला, जुन्या खाटेचे टेबल केले. आळेफाट्याचे एक वृद्ध मिस्त्री आठवड्यातून एकदा येऊन धडा देत. त्यांचा पहिला धडा असा : "साहेब, गाडी चालू करणं सोपं. थांबवणं अवघड. आधी ब्रेक."

ते खरे होते. या गाड्यांत ब्रेकचे तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना जाते. एका चाकाशी गळती झाली, की चारही चाके निर्ब्रेक. चोवीस वर्षांत आतले रबर दगड झाले होते, ड्रम गंजून पट्ट्यांना चिकटले होते. एक ड्रम सोडवायला आम्हाला तीन शनिवार लागले. तेल घाला, तापवा, लाकडी हातोडीने ठोका, पुन्हा तेल घाला. वसुलीच्या कामात आयुष्य गेल्यामुळे चिकाटीची मला सवय होती.

मग इंजिन. जाम झालेले इंजिन बळाने फिरवायचे नसते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि दहा दिवस तसेच ठेवले. मग क्रँकच्या पुलीच्या नटला लांब पाना लावून इंचभर पुढे, इंचभर मागे. चौथ्या शनिवारी आत काहीतरी ‘कट्’ म्हणाले आणि पुली अर्धा वेढा फिरली. आबाने शिट्टी वाजवली. चोवीस वर्षांनी सुटलेल्या त्या पिस्टनइतका आनंद मला एकाही पदोन्नतीने दिला नव्हता.

खोलल्यावर त्या यंत्राचे शहाणपण दिसू लागले. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या इंजिनात सगळ्या झडपा खाली, ब्लॉकमध्ये होत्या. विलिजने पुढे आत घेणारी झडप वर, हेडमध्ये नेली आणि बाहेर सोडणारी खालीच ठेवली. त्यामुळे आतली झडप मोठी करता आली, श्वास मोठा झाला आणि तेवढ्याच आकारातून अधिक ताकद निघाली. हेच ते ‘हरिकेन’ इंजिन. सिलिंडरचा व्यास ३.१२५ इंच आणि पिस्टनची धाव ४.३७५ इंच. धाव व्यासाहून लांब, म्हणून हे इंजिन पळत नाही, ओढते. माळशेजला भरलेला हौदा घेऊन सावकाश चढणारी ती गाडी मला एकदम समजली.

सुदैवाने हेच इंजिन महिंद्रांच्या जीपमध्ये वर्षानुवर्षे होते. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, झडपा यांना अडचण आली नाही. काही पुण्यात नाना पेठेत मिळाले, काही जुन्या बाजारात, आणि काही जुन्या जीपसाठी प्रसिद्ध असलेल्या हरियाणातल्या मंडी डबवालीहून पार्सलने आले. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवले. मिळेना ते फक्त चपटीचे स्वतःचे असे जे काही होते ते : पुढची काच, दाराच्या मुठी, तोंडाचा पत्रा. ते सारे घडवावे लागले, कापून घ्यावे लागले, किंवा आहे तेच जपावे लागले.

सर्वात लांबलेले काम गंजाचे. गंज वरून फोडासारखा दिसतो, पण असतो त्याहून चौपट. रंगाखाली ओल शिरली, की लोखंड आतल्या आत विरघळत जाते. मी अधीर होऊन म्हणालो, "लांबी भरून वर रंग मारू. कोण बघतंय?" मिस्त्रींनी छिन्नी माझ्या हातात दिली आणि पत्र्यावर टेकवायला सांगितले. ती आरपार गेली. बँकेत असताना थकलेल्या खात्यावर नवे कर्ज टाकून जुने खाते चालू दाखवणारे हिशेब मी पाहिले होते. लांबी भरणे म्हणजे तेच. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचे, नवा तुकडा जोडायचा, त्यावर रेडऑक्साइड आणि मगच रंग, याला दुसरा रस्ता नाही.

रंगाच्या वेळी मात्र आमचे वाजले. घासताना चार थर निघाले होते आणि सर्वात खाली कारखान्याचा मूळ फिकट हिरवा सापडला. माझे म्हणणे, गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची : सगळे पोचे काढायचे, मामांनी रंगवून घेतलेली अक्षरे पुसायची. आबाचे म्हणणे, "रंग तुम्ही म्हणाल तो द्या. पण फाळक्याचा पोचा राहू द्या." का, ते सांगेना.

उत्तर सीटखाली मिळाले. सीटचा जुना काथ्या उपसताना मेणकापडात गुंडाळलेली एक लांबट वही निघाली. मामांच्या हातची. तारीख, गाव, माल, भाडे, डिझाइन पंचांगासारखे रेखीव. प्रत्येक महिन्याच्या शेवटी लाल शाईत, ‘हप्ता भरला.’ एकही खाडा नाही. मी नोकरीत पाहिलेल्या उत्तम खात्यांपैकी ते एक होते, आणि तेच मी नाकारले होते. पाने उलटता उलटता जून १९८७ आले. ‘पुणे. भाच्याचे बिऱ्हाड.’ भाड्याच्या रकान्यात आकडा नव्हता. लिहिले होते, ‘घरचे.’

मला सगळे आठवले. माझी पुण्याला बदली झाली, तेव्हा मामांनी न सांगता गाडी पाठवली होती. आबा हौद्यात सामानाबरोबर बसून आला होता. गोदरेजचे कपाट उतरवताना दोर सुटला आणि त्याचा कोपरा फाळक्यावर बसला. तोच तो पोचा. ज्या गाडीला मी सही दिली नाही, तिनेच माझा संसार वाहून आणला होता, आणि माझ्याच कपाटाची खूण ती अडतीस वर्षे पाठीवर घेऊन उभी होती. मी वही आबाकडे दिली. त्याने ते पान वाचले आणि काही न बोलता बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवले.

पोचा राहिला. मामांची अक्षरेही राहिली.

गेल्या एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही ती सुरू करायला बसलो. पेट्रोलची टाकी अजून धुवायची होती, म्हणून बाटली उंच टांगून नळीने पेट्रोल दिले. जुन्या रबरी नळ्या आधीच बदलल्या होत्या. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे त्या टिकत नाहीत. प्लगच्या वायरी मी लावल्या होत्या. स्टार्टर दाबताच कार्बोरेटरमधून तोफेसारखा आवाज झाला. कोंबड्या छपरावर गेल्या, मामी देवघरातून ओरडल्या. या इंजिनात ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो, आणि मी दोन वायरींची अदलाबदल केली होती. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेबांनी दोन नंबरचा व्यवहार केला." वायरी बदलल्या. दुसऱ्या खेपेला ती खोकली, थांबली, पुन्हा खोकली, आणि मग चालू झाली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मामी काठी टेकत आल्या, केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गरम झालं की यावर त्यांचा चहाचा तांब्या असायचा."

गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळे नियम केले आहेत, आमची मालवाहू म्हणून नोंदलेली. कागद पुरे होईपर्यंत ती बांधाच्या आतच फिरते, गोठ्यापासून विहिरीपर्यंत.

परवा आबाच्या मुलाने नवी पिकअप घ्यायचे ठरवले. कर्जाचे कळताच मी खिशातले पेन काढले आणि म्हणालो, "जामीन मी राहतो. सही कुठं करायची सांग."

आबा मोठ्याने हसला. "अरे, आता जामीन कुठं लागतो? फायनान्सचा माणूस मोबाइल घेऊन घरी आला, दहा मिनिटांत मंजूर करून गेला. ठेव ते पेन."

सहीची संधी माणसाला एकदाच मिळते, हे मला कळायला चाळीस वर्षे लागली. पण तो ‘अरे’ म्हणाला होता, आणि ‘ठेव’ म्हणाला होता. मी पेन खिशात ठेवले. उजव्या बाजूच्या मागच्या ड्रममधून अजून थोडे तेल झिरपत होते. आम्ही दोघे चाकाशी बसलो.