वेबसाइट तुमची, पण डोमेन कुणाच्या नावावर?

सोमाटणे : सोमाटणे फाट्यावरून कुठल्याही बाजूला निघा. पवनानगरला कॅम्पिंगचे तंबू, तळेगावकडे गुलाबाची पॉलिहाऊस, लोणावळ्याला भाड्याचे बंगले. इंद्रायणी तांदूळ थेट विकणारे शेतकरीही आहेत. यातल्या अनेकांनी वेबसाइट करून घेतलीय, आणि ती बहुतेक वेळा ओळखीतल्याच एखाद्या फ्रीलान्स डिझायनर पोराने घरी बसून केलेली असते. फोटो टाकले, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दिलं, पैसे मिळाले, विषय संपला. साइट ठेवलीय कुठे आणि नाव कुणाच्या खात्यात आहे, हे कुणी विचारत नाही. ते कळतं ऐन जूनमध्ये, पावसाळी बुकिंग सुरू झालेलं असताना साइट उघडेनाशी होते तेव्हा.

यात तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. डोमेन म्हणजे साइटचं नाव, शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असलेलं. होस्टिंग म्हणजे साइटच्या फायली जिथे राहतात तो भाड्याचा गाळा. आणि गाळ्यातला माल म्हणजे प्रत्यक्ष वेबसाइट. गाळा बदलता येतो, माल पुन्हा भरता येतो. नाव गेलं तर मात्र कार्डावर, पाटीवर, गाडीवर छापलेलं सगळं वाया. म्हणून डोमेनकडे सातबाऱ्यासारखं बघायचं. फरक इतकाच, की हा सातबारा कायमचा नसतो, मुदत संपण्याआधी रिन्यू करावा लागतो.

गडबड इथेच होते. सोपं पडतं म्हणून डिझायनर डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःचा ईमेल टाकून घेतो. मनात खोट नसते. पण आयकॅन या जागतिक संस्थेच्या नियमानुसार डोमेन कंपनीने मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी जी आठवण पाठवायची, ती नोंदवलेल्या ईमेलवर जाते. तोवर पोराला हिंजवडीत नोकरी लागलेली, जुना ईमेल तो बघतही नाही. मालकाला पत्ताच नाही.

डॉट कॉमची मुदत संपली तरी नाव लगेच जात नाही. कंपनी आपल्या धोरणानुसार काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दरात रिन्यू करू देते. नाव रद्द झालं की पुढचे ३० दिवस ते जादा, बऱ्यापैकी मोठा आकार भरून सोडवता येतं. नंतर ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते कुणीही घेऊ शकतो. काही कंपन्या त्याआधीच नाव लिलावात काढतात. ‘ऑटो-रिन्यू चालू आहे’ म्हणून निवांत राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी रीतसर मंजुरी लागते. ती नसेल तर पेमेंट अडकतं, परदेशी कंपन्यांचं तर हमखास.

मग डिझायनरने करावं काय? आमच्या मते डोमेन ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेल आणि मोबाइलवर घ्यावं, समोर बसवून. अर्धा तास जातो, ओटीपीसाठी चारदा फोन मागावा लागतो, पण घ्यावं. होस्टिंग डिझायनरने सांभाळलं तर हरकत नाही. एका प्लॅनमध्ये चार-पाच साइट बसतात, खर्च वाटला जातो. पण मग रविवारी रात्री साइट पडली तर फोन आपल्यालाच येणार, हे धरून वार्षिक दर सांगावा. होस्टिंगचे पैसे वेगळे आणि देखभालीचे वेगळे लिहावेत. नाहीतर दुसऱ्या वर्षी ‘एवढे कशाचे, दादा?’ हा प्रश्न ठरलेला. पैसे थकले तर किती दिवसांनी साइट बंद करणार, हेही आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवावं. मात्र थकबाकीसाठी डोमेन अडवून ठेवणं चूक. गाळ्याचं भाडं थकलं म्हणून दुकानाचं नाव कुणी काढून घेत नाही.

बॅकअप होस्टिंगच्या बाहेर हवा, महिन्यातून एकदा तरी ग्राहकाच्या पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांचा डेटा परत आला नाही. आणखी एक, होस्टिंग बदलताना धंद्याचा ईमेलही त्याच गाळ्यात आहे का ते आधी बघा. साइट नवीन जागी छान उघडते आणि मेल गुपचूप बंद पडतात.

आपलं डोमेन कुणाकडे आहे हे ‘हू-इज’ तपासणीत कंपनी आणि मुदतीपर्यंत कळतं, मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं. त्यामुळे डिझायनरलाच सरळ विचारा. त्याच कंपनीत तुमच्या नावाचं खातं उघडून डोमेन त्यात टाकून घेणं सर्वात सोपं. दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं तर ट्रान्सफरचा कोड लागतो, आणि डॉट कॉम नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं असेल तर साधारण ६० दिवस थांबावं लागतं. पावसाळ्याच्या बुकिंगवर पोट असणाऱ्यांनी हे काम मार्चच्या आतच उरकावं.